जठराचे अस्तर

नाव आणि जागा

जठर ही अन्ननलिका आणि लहान आतडे यांच्यामधली स्नायूंची पिशवी आहे. पचनमार्गातला हा सर्वांत रुंद भाग. मराठीत मात्र जठराला बहुधा ‘पोट’ या ऐसपैस शब्दातच राहावे लागते. पोट दुखते, पोट सुटते, गुपित पोटात राहते, पोटासाठी मुलूख सोडावा लागतो. यांतल्या एकाच पोटाशी जठराचा थेट संबंध आहे, आणि तोही नेहमीच नाही. पोट दुखते म्हणताना माणसाचा हात बेंबीशी जातो. तिथे मुख्यतः लहान आतड्याची वेटोळी असतात. जठराचा मोठा भाग त्याच्या वर, डाव्या बाजूला, खालच्या फासळ्यांच्या आड आणि श्वासपटलाला लागून असतो. त्याच्या पुढे यकृताचा डावा भाग, मागे स्वादुपिंड, डावीकडे प्लीहा आणि खाली मोठ्या आतड्याचा आडवा भाग.

जठराचा आकार इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा सांगितला जातो, पण तो पक्का नसतो. उंच, सडसडीत माणसात जठर लांबट होऊन खाली उतरते; बुटक्या, रुंद बांध्याच्या माणसात ते आडवे पसरते. उभे राहिले, आडवे झाले, जेवण झाले की आकार पुन्हा बदलतो. रिकाम्या जठरात शंभर मिलिलिटरही पोकळी नसते. जेवणानंतर त्यात लिटर-दीड लिटर सहज मावते. या बदलत्या पिशवीत तीव्र आम्ल तयार होते, मांसाची प्रथिने तोडणारे विकरही तयार होते, आणि पिशवी स्वतः मात्र मांसाचीच असते. ती स्वतःला का पचवत नाही, हा जठराविषयीचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. त्याचे उत्तर जठराच्या रचनेतच, थरांच्या आणि पेशींच्या मांडणीत आहे.

भाग आणि कडा

अन्ननलिका श्वासपटलातून खाली येऊन जठराला मिळते तो जठराचा आगममार्ग. त्याच्या डावीकडे, त्याच्यापेक्षाही वर, घुमटासारखा फुगलेला भाग असतो. तोंडावाटे गिळलेली हवा इथे साठते, आणि ढेकर म्हणून जी बाहेर पडते ती बहुतेक हीच. उभ्या माणसाच्या छातीच्या क्ष-किरण चित्रात डाव्या श्वासपटलाखाली काळा बुडबुडा दिसतो, तो या घुमटातल्या हवेचा. घुमटाखाली जठराचा मुख्य देह. तो उजवीकडे वळून निमुळता होतो तेव्हा त्याला कोटर म्हणतात. कोटर शेवटी निर्गममार्गात संपते. निर्गममार्गाच्या टोकाला वर्तुळाकार स्नायूंची जाड झडप आहे, आणि तिच्या पलीकडे लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे आद्यांत्र.

जठराला दोन कडा आहेत. उजवीकडची आखूड, आत वळलेली; डावीकडची तिच्या कितीतरी पट लांब, बाहेर फुगलेली. लांब कडेपासून चरबीने भरलेला पातळ पडदा आतड्यांवर ॲप्रनसारखा लोंबतो. त्याला वपा म्हणतात. पोटात कुठे सूज आली की वपा तिथे चिकटते आणि संसर्ग पसरू देत नाही.

जठराचा रक्तपुरवठा सढळ आहे. महारोहिणीतून निघणाऱ्या एका आखूड धमनीला तीन फाटे फुटतात: एक थेट जठराकडे, एक यकृताकडे, एक प्लीहेकडे. तिन्हींच्या शाखा जठराच्या दोन्ही कडांवरून धावतात आणि एकमेकींना मिळतात. म्हणून शस्त्रक्रियेत एखादी मोठी शाखा बांधावी लागली तरी जठर जगते. परतीचे रक्त मात्र सरळ हृदयाकडे जात नाही. ते आधी यकृतात जाते. यकृत कठीण होऊन ही वाट अडली की रक्त मागे तुंबते, अन्ननलिकेच्या टोकाच्या आणि जठराच्या वरच्या भागातल्या शिरा फुगतात, आणि त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते. दोष यकृतात असतो, रक्त जठराच्या वाटेने बाहेर येते.

चार थर

जठराची भिंत आडवी कापली तर चार थर दिसतात. सर्वांत आत श्लेष्मस्तर, म्हणजे अस्तर. त्याखाली सैल संयोजी ऊतीचा अधःश्लेष्मस्तर. रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या आणि चेतातंतू यातून फिरतात. तिसरा स्नायुस्तर, आणि बाहेरून गुळगुळीत पर्युदराचे पातळ आवरण. या आवरणामुळेच भरलेले जठर शेजारच्या अवयवांवरून न घासता सरकते.

पचनमार्गात इतरत्र स्नायूंच्या दोन पट्ट्या असतात: आतली वर्तुळाकार, बाहेरची उभी. जठरात त्यांच्या आत तिसरी, तिरकी पट्टीही असते. दोन पट्ट्यांची नळी अन्न पुढे ढकलते. तिसरीमुळे जठराला अन्न पिळता आणि घुसळताही येते. उभ्या आणि वर्तुळाकार पट्ट्यांच्या मधे चेतापेशींचे एक जाळे पसरलेले असते, अधःश्लेष्मस्तरात दुसरे. जर्मन शास्त्रज्ञ लिओपोल्ड आउअरबाख आणि गेओर्ग माइस्नर यांची नावे या जाळ्यांना आहेत. मेंदूची दहावी चेता, म्हणजे व्हेगस, इथे येऊन जठराला हुकूम पोचवते. पण रोजचा बराचसा कारभार ही जाळी आपल्यापुरता स्वतःच पाहतात.

रिकाम्या जठराचे अस्तर चुण्या पडलेले असते. पिशवी भरू लागली की चुण्या उलगडतात, म्हणून अस्तर ताणून फाटत नाही. दुर्बीण घालून पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. अन्ननलिकेचे फिके, पांढुरके अस्तर एका नागमोडी रेषेवर संपते आणि तिथूनच जठराचे लालसर अस्तर सुरू होते. रेषेच्या वरच्या बाजूला चपट्या पेशींचे अनेक थर असतात, जसे त्वचेत. ते खरखरीत घासाचे घर्षण सोसतात. रेषेच्या खाली उभट पेशींचा एकच थर. तो घर्षणासाठी नाही, आम्लासाठी आहे. वरच्या अस्तरावर आम्ल चढले की छातीत जळजळ होते, कारण त्या पेशींकडे आम्लाविरुद्ध पुरेसे कवच नाही.

खळगे आणि ग्रंथी

वर गुळगुळीत भासणारे जठराचे अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली चाळणीसारखे दिसते. त्याच्या पृष्ठभागावर लाखो बारीक खळगे असतात, आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी काही नळीसारख्या ग्रंथी उघडतात. एकच एकसंध अस्तर जागोजागी आत दुमडून खोल नळ्या झाला आहे, असे समजल्यास त्याची मांडणी डोळ्यासमोर येते.

तीन प्रदेशांतल्या ग्रंथी तीन प्रकारच्या आहेत. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेल्या अरुंद पट्ट्यात मुख्यतः श्लेष्म स्रवणाऱ्या ग्रंथी असतात. घुमट आणि देह या सर्वांत मोठ्या भागात खळगे उथळ आणि ग्रंथी लांब, सरळ. आम्ल आणि विकर तयार होण्याचा खरा कारखाना हाच. कोटर आणि निर्गममार्गात खळगे खोल आणि ग्रंथी वेटोळ्या असतात. त्या श्लेष्म देतात आणि रक्तात संप्रेरके सोडतात. आम्ल तयार करण्याची जागा एक आणि त्याचे प्रमाण ठरवणारी जागा दुसरी, अशी ही वाटणी आहे.

पेशी आणि त्यांची कामे

देहातली एक ग्रंथी वरून खाली पाहिली तर पेशी ठरावीक क्रमाने लागतात.

पृष्ठभागावर आणि खळग्याच्या तोंडाशी उभट श्लेष्मपेशी असतात. त्या घट्ट, जेलीसारखा श्लेष्म आणि त्यात बायकार्बोनेट सोडतात. खळग्याच्या मानेत वेगळ्या, लहान श्लेष्मपेशी. त्यांचा श्लेष्म पातळ. त्यांच्याजवळच मूलपेशी असतात. त्या सतत विभागतात, आणि नव्या पेशी दोन दिशांना जातात. वर सरकणाऱ्या पृष्ठभागाच्या पेशी होतात आणि आठवड्याच्या आत झडून जातात. खाली सरकणाऱ्या आम्ल किंवा विकर करणाऱ्या होतात आणि कित्येक महिने टिकतात. जठराचे वरचे अस्तर अशा रीतीने सतत नवे होत असते.

ग्रंथीच्या वरच्या निम्म्या भागात भित्तीय पेशी ठळक दिसतात. वैद्यकात त्यांना पराएटल सेल म्हणतात. त्या मोठ्या, गोलसर आणि मधोमध केंद्रक असलेल्या असतात; नेहमीच्या रंगद्रव्याने त्या गुलाबी रंगतात, कारण त्यांचा बराच भाग ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांनी भरलेला असतो. इतकी ऊर्जा लागते ती आम्लासाठी. या पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल करतात, आणि माणसाच्या जठरात त्यांची संख्या सुमारे 100 कोटी मानली जाते. जठररसातले आम्ल हायड्रोक्लोरिक आहे, हे इंग्लंडमधले वैद्य विल्यम प्राऊट यांनी 1820 च्या दशकात दाखवले. ग्रंथींमध्ये दोन वेगळ्या जातींच्या पेशी आहेत, हे रुडॉल्फ हायडेनहाइन यांनी 1870 मध्ये स्पष्ट केले.

आम्ल असे बनते. पेशीत कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून एका विकराच्या मदतीने हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट तयार होतात. हायड्रोजन आयन एका पंपाने ग्रंथीच्या पोकळीत ढकलला जातो आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम आत घेतले जाते. क्लोराइड वेगळ्या मार्गाने पोकळीत जाते. पोकळीतला सामू, म्हणजे पीएच, एकच्या जवळ. पेशीच्या आतला सातच्या थोडा वर. म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण बाहेर आतल्यापेक्षा दहा लाख पटींहून अधिक. इतक्या चढावर ढकलणाऱ्या पंपाला ऊर्जा अफाट लागते, आणि तंतुकणिका भरगच्च असण्याचे कारण हेच. विश्रांतीच्या वेळी पंप पेशीच्या आतल्या बारीक पिशव्यांत पडून असतात. जेवणाची वर्दी येताच या पिशव्या पृष्ठभागाला जाऊन मिळतात आणि पंपांचे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढते. आम्ल कमी करणाऱ्या काही गोळ्या सकाळी उपाशीपोटी, नाश्त्यापूर्वी घ्यायला सांगतात त्याचे कारण इथे आहे: औषध चालू झालेल्या पंपालाच अडवते, म्हणून पंप चालू होण्याआधी औषध रक्तात असायला हवे.

पेशीत उरलेला बायकार्बोनेट रक्तात जातो. जेवणानंतर जठरातून बाहेर पडणारे रक्त म्हणून किंचित अल्कधर्मी होते. ग्रंथीभोवतीच्या केशवाहिन्या ते रक्त वर, पृष्ठभागाच्या श्लेष्मपेशींजवळ नेतात, आणि त्यांना त्यातून बायकार्बोनेट मिळतो. आम्ल तयार करताना जे शिल्लक राहते, तेच अस्तराच्या रक्षणाला उपयोगी पडते.

‘पित्त झालं’ म्हणून जे आंबट पाणी घशाशी येते ते या पेशींचे असते. पाठ्यपुस्तकातले पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते, आद्यांत्रात पडते आणि चवीला कडू असते. आयुर्वेदातली पित्ताची कल्पना यापेक्षा व्यापक आहे. तिला पित्तरसाशी एकरूप मानणे चुकीचे. रोजच्या बोलण्यात मात्र एकाच शब्दात तिन्ही गोष्टी मिसळतात, आणि जठरातल्या आम्लाचे खापर यकृताच्या पित्तावर फुटते.

भित्तीय पेशी आणखी एक प्रथिन तयार करते, ज्याला आंतरिक घटक म्हणतात. जीवनसत्त्व ब-12 आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाण्यासाठी ते या प्रथिनाशी जोडले जावे लागते. अमेरिकन वैद्य विल्यम कॅसल यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या प्रयोगांतून या घटकाचा शोध लागला. भित्तीय पेशी नाहीशा झाल्या तर आहारात भरपूर ब-12 असूनही रक्तक्षय होतो.

ग्रंथीच्या तळाशी मुख्य पेशी असतात. त्या रंगद्रव्याने निळसर होतात, कारण प्रथिने बनवण्याची यंत्रणा त्यांच्यात दाट असते. त्या पेप्सिनोजेन बनवतात. ते निष्क्रिय असते. आम्लात येताच त्याचा तुकडा तुटून पेप्सिन होते, आणि मग पेप्सिनच उरलेल्या पेप्सिनोजेनला जागे करते. पेप्सिनचे नाव आणि ओळख 1836 मध्ये थिओडोर श्वान यांनी दिली. मुख्य पेशीतच पेप्सिन तयार झाले असते तर ते तिलाच पचवू लागले असते. जठरातला लायपेज हे स्निग्ध पदार्थांचे विकरही इथेच बनते.

या सर्वांमध्ये पसरलेल्या संप्रेरक पेशी आहेत. कोटरातल्या जी पेशी गॅस्ट्रिन सोडतात. इंग्लंडच्या जॉन एडकिन्स यांनी ते 1905 मध्ये दाखवले. देहातल्या एका जातीच्या पेशी हिस्टामीन सोडतात. डी पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडून सर्व आवरतात. आणि घुमटाच्या अस्तरातल्या पेशी भुकेच्या वेळी घ्रेलिन सोडतात, ज्याचा शोध 1999 मध्ये जपानमध्ये लागला.

आम्लाची आज्ञा

1822 मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. जखम भरली, पण जठरापर्यंत जाणारे छिद्र कायम राहिले. लष्करी शल्यविशारद विल्यम ब्यूमाँट यांनी पुढची अनेक वर्षे या छिद्रातून जठर पाहिले, त्यात अन्न दोरीने सोडले आणि काढून तपासले. 1833 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. अन्न आत पडताच अस्तर लाल होते आणि रस पाझरू लागतो, हे त्यांनी पाहिले. पुढे रशियात इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या शस्त्रक्रियांतून दाखवले की अन्न नुसते दिसले तरी रस सुटतो. 1904 चा नोबेल पुरस्कार त्यांना या पचनसंशोधनाबद्दल मिळाला.

आज रस सुटण्याचा क्रम असा मांडला जातो. फोडणीचा वास येतो आणि व्हेगस जठराला वर्दी देते. घास पडून भिंत ताणली जाते, तुटलेल्या प्रथिनांचे तुकडे कोटराला लागतात, आणि जी पेशी गॅस्ट्रिन सोडतात. व्हेगसचे ॲसिटिलकोलीन, गॅस्ट्रिन आणि हिस्टामीन असे तीन इशारे भित्तीय पेशीपर्यंत पोचतात. गॅस्ट्रिनचे बरेचसे काम हिस्टामीनमार्फतच होते. म्हणून हिस्टामीनची एकच वाट अडवणारे औषधही आम्ल चांगलेच कमी करते. ही वाट ओळखून तिच्यावर औषधे शोधणारे जेम्स ब्लॅक यांना 1988 च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. आम्ल फार वाढले की डी पेशी जाग्या होतात आणि गॅस्ट्रिन आवरतात. नंतर लगदा आद्यांत्रात गेला की तिथूनही थांबण्याचे संदेश येतात. दिवसभरात दोन ते तीन लिटर रस स्रवतो, पण तो अन्नाच्या मापाने.

जठर स्वतःला का पचवत नाही

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. विकर निष्क्रिय रूपात ठेवलेले असते. आम्ल खोल ग्रंथीत बनते आणि खळग्यातून वर येते. वरच्या पेशींवर श्लेष्माचा थर असतो. तो मिलिमीटरचे काही दशांश इतकाच जाड, पण त्यात बायकार्बोनेट अडकलेला असतो. पोकळीत सामू एक-दोन असताना या थराखाली, पेशीला लागून, तो सातच्या जवळ असतो. शेजारच्या पेशींचे जोड घट्ट असतात. त्यातूनही पोचलेले आम्ल सढळ रक्तप्रवाह धुऊन नेतो, आणि जखमी पेशीच्या जागी दिवसांत नवी येते.

ही संरक्षणे एका स्थानिक पदार्थसमूहावर, प्रोस्टाग्लँडिनांवर, अवलंबून आहेत. ॲस्पिरिन आणि तशी वेदनाशामके नेमके हेच पदार्थ कमी करतात. सांधेदुखीसाठी रोज गोळी घेणाऱ्यांना जठरव्रण होतो तो यामुळे. दुसरा शत्रू जिवाणू आहे. आम्लात काहीच जगत नाही, ही समजूत ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी मोडली. 1982 मध्ये त्यांनी व्रणाच्या रुग्णांच्या अस्तरातून वळणदार जिवाणू वाढवला. 1984 मध्ये मार्शल यांनी तो स्वतः गिळला आणि जठराला सूज आल्याचे दाखवले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू युरियातून अमोनिया बनवतो, त्याने स्वतःभोवतीचे आम्ल मारतो आणि श्लेष्मात घुसून थेट पेशींशी राहतो. प्रतिजैविकांनी तो गेला की व्रण पुन्हा होण्याचे प्रमाण फार कमी होते. 2005 चा नोबेल पुरस्कार या शोधाला मिळाला.

घुसळण आणि निकास

घास गिळताच घुमटाचे स्नायू सैल होतात. त्यामुळे लिटरभर अन्न आत येऊनही दाब फारसा वाढत नाही. देहाच्या वरच्या भागात, लांब कडेवर, सांतियागो रामोन इ काहाल यांचे नाव असलेल्या पेशी मिनिटाला सुमारे तीन विद्युत्-लहरी उठवतात. लहर कोटराकडे जाताना जोर धरते, आणि शेवटी निर्गमाची झडप मिटते. लगदा बंद झडपेवर आपटून मागे फेकला जातो आणि पुन्हा पिळला जातो. एक-दोन मिलिमीटरपेक्षा बारीक झालेलेच कण झडपेतून पुढे जातात. पाणी लवकर निघते. घन जेवणाला तीन-चार तास लागतात. आतड्यात चरबी पोचली की जठराचा निकास मंदावतो, म्हणून तुपाची धार घेतलेली पुरणपोळी ताकभातापेक्षा जास्त वेळ थांबते.

रिकाम्या जठराचेही काम सुरू असते. सुमारे दीड-दोन तासांच्या फेरीने आकुंचनाचा मोठा लोट येतो आणि उरलेसुरले पुढे लोटतो. वॉल्टर कॅनन आणि ए. एल. वॉशबर्न यांनी 1912 मध्ये फुगा गिळून, रिकाम्या जठराची आकुंचने आणि भुकेची कळ एकाच वेळी येतात हे नोंदवले. मराठीत ज्याला पोटात कावळे ओरडणे म्हणतात, त्यात आवाज हवा आणि द्रव ढकलले जाण्याचा असतो.

जठराविना

जठरातले पचन खरे तर थोडेच. प्रथिनांचा थोडा भाग इथे तुटतो, चरबीचा त्याहून कमी. पिष्टाचे मुख्य काम आतड्यात होते. शोषणही अल्प, मद्य आणि ॲस्पिरिनसारख्या थोड्या पदार्थांचे. जठराशिवाय जगता येते हेही सिद्ध झाले आहे. 1897 मध्ये झुरिकमध्ये कार्ल श्लाटर यांनी एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढले आणि अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. ती त्यानंतर वर्षाहून अधिक जगली. आज कर्करोगासाठी असे केलेल्या व्यक्तींना दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे खावे लागते, कारण अन्न साठवून मापाने सोडणारे कोणी उरत नाही. गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरले की घाम फुटतो, छाती धडधडते. प्रथिने पचवायचे काम स्वादुपिंडाची विकरे निभावून नेतात. आम्ल गेल्याने लोह कमी शोषले जाते. पण ज्याला पर्याय नाही असा एकच स्राव आहे, आणि तो म्हणजे आंतरिक घटक. त्यामुळे ब-12 जीवनसत्त्व आयुष्यभर, बहुधा इंजेक्शनाने, बाहेरून द्यावे लागते. जठराची ओळख आम्लाने होते; पण त्याच्यावाचून अडते ते आम्ल करणाऱ्याच पेशीच्या या दुसऱ्या कामासाठी.